काळं रबर म्हणजे नेमकं कोणतं? ओ-रिंग, सील आणि नळी निवडायची रीत

पंपाची ओ-रिंग गेली की आपण जुनी रिंग खिशात टाकतो, दुकानात जाऊन काउंटरवर ठेवतो आणि म्हणतो, "ह्याच मापाची द्या." दुकानदार पेटी उघडून दोन-चार रिंगा लावून बघतो आणि एक पुढे करतो. रिंग बसते, पंप सुरू होतो. महिन्याभरात तीच रिंग फुगून खाचेबाहेर आलेली असते, नाहीतर बांगडीसारखी कडक होऊन तडकलेली असते. माप बरोबर होतं, रबराची जात चुकली होती.

कारखान्याच्या देखभाल विभागात माझी बरीच वर्षं गेली. गळतीच्या तक्रारींमागे मापाच्या चुकीपेक्षा जातीची चूक मला जास्त वेळा सापडली आहे. ती होते याचं कारण साधं आहे. रबराला बळ यावं म्हणून त्यात कार्बन ब्लॅक, म्हणजे काजळीची बारीक पूड मिसळतात. त्यामुळे नायट्राइल, ईपीडीएम, निओप्रीन, वायटॉन या रबराच्या जाती सगळ्या एकसारख्या काळ्या दिसतात. डोळ्यांना फरक कळत नाही, म्हणून कामावरून रबर ठरवायची सवय लावावी लागते. त्या सवयीच्या पायऱ्या खाली दिल्या आहेत.

आधी थोडी वंशावळ

झाडाच्या चिकापासून निघतं ते नैसर्गिक रबर. केरळात त्याचं मोठं पीक आहे आणि आपल्याकडे सिंधुदुर्गात दोडामार्ग, सावंतवाडी भागातही रबराच्या बागा आहेत. ताण सोसण्यात आणि सतत वाकण्यात हे रबर आजही पहिल्या रांगेत बसतं. विमानांच्या आणि जड ट्रकच्या टायरमध्ये ते भरपूर वापरतात ते त्यामुळेच. पण तेल लागलं की ते फुगतं, आणि उन्हात उघडं राहिलं की त्याला चिरा पडतात.

कृत्रिम रबराला खरा रेटा मिळाला तो दुसऱ्या महायुद्धात. जर्मनीत ब्युटाडाईन आणि स्टायरीन यांच्यापासून 'बुना-एस' आधीच तयार झालं होतं. ब्युटाडाईनमधला 'बु' आणि सोडियमच्या नेट्रियम या नावातला 'ना' मिळून बुना झालं. १९४२ मध्ये जपानने आग्नेय आशियातले मळे ताब्यात घेतल्यावर अमेरिकेचा नैसर्गिक रबराचा पुरवठा जवळजवळ तुटला, आणि तिथे त्याच धर्तीचं रबर बनवणारे कारखाने घाईने उभे राहिले. आज त्याला एसबीआर म्हणतात. गाडीच्या टायरचा रस्त्याला टेकणारा भाग, चपलेचे तळ, कन्व्हेयरचे पट्टे ही त्याची कामं. त्याचा भाऊबंद पॉलिब्युटाडाईन टायरच्या बाजूच्या भिंतीत आणि गोल्फच्या चेंडूत असतो.

ब्युटाइल रबर वेगळ्या कारणासाठी लक्षात ठेवा. त्यातून हवा अतिशय सावकाश झिरपते. म्हणून टायरच्या ट्यूब ब्युटाइलच्या असतात आणि ट्यूबलेस टायरच्या आतलं अस्तर त्याच कुळातल्या हॅलोब्युटाइलचं असतं. इंजेक्शनच्या बाटलीचं राखाडी बूच बहुतेक वेळा ब्रोमोब्युटाइलचं किंवा क्लोरोब्युटाइलचं असतं.

टायर आणि ट्यूब आपण तयार घेतो, तिथे निवड कंपनीने केलेली असते. आपल्याला स्वतः ठरवावं लागतं ते सील, रिंग, वॉशर, नळी आणि बीडिंगच्या बाबतीत.

पायरी १: रबराला काय लागणार आहे ते लिहून काढा

हीच सगळ्यांत मोठी पायरी. कागदावर लिहा: पाणी, वाफ, इंजिन ऑईल, पेट्रोल, ब्रेक ऑईल, थिनर, आम्ल, खाण्याचं तेल. धुताना काय लागतं तेही लिहा. सील पाण्याचं असलं आणि मशीन डिझेलने पुसत असाल, तर डिझेलही यादीत आलं पाहिजे.

यामागचं रसायन समजलं की पाठांतर लागत नाही. सारखा स्वभाव असलेले पदार्थ एकमेकांत शिरतात. ज्यांच्या रेणूला पाण्यासारखी धन आणि ऋण टोकं असतात ते पदार्थ ध्रुवीय, नसतात ते अध्रुवीय. खनिज तेल अध्रुवीय आहे आणि ईपीडीएम रबरही अध्रुवीय आहे. म्हणून तेल ईपीडीएममध्ये शिरतं आणि रबर दुपटीपर्यंत फुगू शकतं. नायट्राइल रबरात ॲक्रिलोनायट्राइल नावाचा ध्रुवीय घटक असतो, त्यामुळे तेलाला आत वाट मिळत नाही. पण तोच घटक ॲसिटोनसारख्या ध्रुवीय द्रवाला ओढून घेतो. एकाचं बळ तिथे दुसऱ्याची उणीव. ही जोडी पक्की डोक्यात बसली की निम्मं काम झालं.

नायट्राइल, म्हणजे एनबीआर, हे तेलाचं रबर. ऑईल सील, हायड्रॉलिकच्या रिंगा, डिझेलची नळी, तेलकट कामाचे हातमोजे यांत तेच असतं. ॲक्रिलोनायट्राइलचं प्रमाण साधारण १८ ते ५० टक्के असतं आणि बाजारातला नेहमीचा माल ३३ टक्क्यांच्या आसपासचा. प्रमाण वाढलं की तेल सोसण्याची ताकद वाढते, पण थंडीत लवचिकपणा कमी होतो. तळोज्यात कारखाना असलेल्या ॲपकोटेक्स कंपनीचं नायट्राइल गुजरातेत वालिया इथे बनतं.

ईपीडीएम हे पाणी, वाफ, ऊन आणि सौम्य आम्लाचं रबर. गाडीच्या दाराचं बीडिंग, रेडिएटरची नळी, पाण्याच्या पाईपच्या जोडातली रिंग, उघड्यावरच्या ठिबकचे ग्रोमेट यांना ते योग्य. ठिबकच्या नळ्या साफ करायला शेतकरी सौम्य आम्ल सोडतात, तेही ते सोसतं. फक्त तेल आणि पेट्रोल त्याच्याजवळ जाऊ देऊ नका.

आता ज्या ठिकाणी सर्वांत जास्त घोटाळा होतो ते ठिकाण: ब्रेक. आपण सगळे 'ब्रेक ऑईल' म्हणतो, आणि हा शब्दच माणसाला चुकवतो. डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ हे द्रव तेल नाहीत. ते ग्लायकॉल जातीचे, ध्रुवीय द्रव आहेत. म्हणून गाडीच्या ब्रेक सिलिंडरमधली रबरं ईपीडीएमची असतात. कुणी 'ऑईल' ऐकून टाकीत चुकून इंजिन ऑईल किंवा हायड्रॉलिक ऑईल ओतलं, तर सिलिंडरमधले रबरी कप फुगतात, ब्रेक धरून राहतात किंवा लागतच नाहीत. अशा वेळी नुसता द्रव बदलून भागत नाही. सगळी रबरं आणि नळ्या बदलून, आतला मार्ग धुऊन घ्यावा लागतो, आणि हे काम जाणत्या मेकॅनिककडूनच करून घ्या. उलटंही खरं आहे. शिमानोच्या सायकल डिस्क ब्रेकमध्ये खरोखर खनिज तेल असतं. त्यात डॉट द्रव घातला तर तिथली रबरं खराब होतात. झाकणावर काय छापलंय ते वाचल्याशिवाय बाटली उघडू नये.

ग्रीसचंही तेच. माझ्याकडून एकदा पाण्याच्या फिल्टरच्या ईपीडीएम रिंगांना पेट्रोलियम जेली लावली गेली, झाकण सहज फिरावं म्हणून. काही दिवसांनी झाकण उघडलं तर रिंगा मापापेक्षा मोठ्या झाल्या होत्या आणि खाचेत परत बसेनात. पेट्रोलियम जेली हा खनिज तेलाचाच प्रकार आहे. तेव्हापासून वंगण हाही 'काय लागणार' या यादीतला एक पदार्थ म्हणून मी लिहितो.

शेतकऱ्यांसाठी फवारणी पंपाचं उदाहरण महत्त्वाचं आहे. पाण्यात विरघळणाऱ्या भुकटीला किंवा बोर्डो मिश्रणाला ईपीडीएमचे वॉशर चालतात. पण पाण्यात टाकताच दुधासारखं पांढरं होणारं 'ईसी' औषध असेल तर त्यात तेलासारखे सेंद्रिय द्रावक असतात, आणि ईपीडीएम त्यात फुगतं. तिथे वायटॉनचे सील उत्तम आणि नायट्राइल मध्यम. पंप कंपनी दोन प्रकारचे सील देत असेल तर आपण जास्त काय फवारतो ते पाहून घ्या. कोणतंही सील असलं तरी काम संपताच पंप स्वच्छ पाण्याने धुवा. रात्रभर औषध आत राहणं हे रबराला दिवसभराच्या फवारणीपेक्षा वाईट.

पेट्रोलच्या नळीबाबत एक बदल लक्षात घ्या. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळतात. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्या त्याला टिकणाऱ्या भागांसह येऊ लागल्या. इथेनॉलमिश्रित पेट्रोलमध्ये साधं नायट्राइल नुसत्या पेट्रोलपेक्षा जास्त फुगतं. जुन्या दुचाकीची नळी किंवा कार्ब्युरेटरची रिंग बदलताना इथेनॉलला चालणारा भाग मागा, आणि नळी बोटांना मऊ, चिकट किंवा भेगाळलेली लागली तर वाट बघू नका. तिथे गळती म्हणजे आगीशी गाठ.

पायरी २: उष्णता आणि थंडी, दोन्ही मोजा

ढोबळ मर्यादा अशा. नैसर्गिक रबर ७०-८० अंश सेल्सिअसच्या पुढे लवकर थकतं. नायट्राइल आणि निओप्रीन सुमारे १०० अंशांपर्यंत दीर्घकाळ चालतात. ईपीडीएम १३०, आणि पेरॉक्साइडने पक्कं केलेलं १५० अंशांपर्यंत. एचएनबीआर, म्हणजे हायड्रोजन जोडलेलं नायट्राइल, तेलातही १५० अंशांच्या आसपास टिकतं. गाडीच्या एसीतल्या हिरव्या रिंगा बहुधा त्याच्याच असतात. सिलिकॉन आणि वायटॉन २०० अंशांपर्यंत जातात.

इथे लोक एक चूक करतात: "सगळ्यांत महाग ते बसवा, काळजी नको." वायटॉन हे फ्लोरोकार्बन रबराचं बाजारात रुळलेलं नाव. तेल, पेट्रोल, उष्णता यांत ते फार चांगलं आहे. पण थंडीत ते आखडतं. १९८६ साली २८ जानेवारीला अमेरिकेचं चॅलेंजर अवकाशयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत फुटलं आणि सातही अंतराळवीर गेले. बूस्टरच्या, म्हणजे यानाला वर ढकलणाऱ्या रॉकेटच्या, सांध्यातल्या ओ-रिंगा फ्लोरोकार्बन रबराच्या होत्या आणि त्या सकाळी फ्लोरिडात गोठवणारी थंडी पडली होती. चौकशीत भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी त्या रबराचा तुकडा चिमट्यात दाबून बर्फाच्या पाण्यात बुडवला. चिमटा काढल्यावर तुकडा लगेच पूर्ववत झाला नाही. सीलचं सगळं काम त्या परत उसळण्यावर चालतं. शिवाय ॲसिटोन आणि डॉट ब्रेक द्रव यांत वायटॉन टिकत नाही. महाग आहे म्हणून ते सगळीकडे चालतं असं समजू नका.

सिलिकॉनची गोष्ट थोडी वेगळी. उणे ५०च्या खालपासून २०० अंशांपर्यंत ते मऊ राहतं आणि त्याला वास नसतो. बाळाच्या दुधाच्या बाटलीचं बोंडलं, ओव्हनच्या दाराची पट्टी, सोलर वॉटर हीटरच्या काचनळ्यांच्या तोंडाची रिंग ही त्याची घरातली ठिकाणं. पण ते नखानेही फाटतं. जिथे घासणं आहे, धार लागते, तिथे ते बसवू नका. पेट्रोलमध्येही ते फुगतं.

कुकरची रिंग ही या दोन्ही पायऱ्यांची चांगली परीक्षा आहे. कुकरच्या पूर्ण दाबाला आत साधारण १२० अंश तापमान असतं. वाफ म्हटली की ईपीडीएम आठवतं, पण कुकरमध्ये वाफेबरोबर तेल आणि तूपही असतं. म्हणून काळी रिंग बहुधा नायट्राइलची आणि पांढरी सिलिकॉनची. नायट्राइल १२० अंशांच्या वाफेत आपल्या दीर्घकाळच्या मर्यादेपुढे काम करतं, म्हणून काळी रिंग हळूहळू कडक पडते. ती ताणून पाहा. सैल झाली असेल, किंवा वाकवल्यावर बारीक भेगा दिसल्या, तर बदला. आणि आपल्या मॉडेलची कंपनीचीच घ्या, कारण रिंगेची जाडी आणि मऊपणा यांवर कुकरची सुरक्षितता ठरते.

पायरी ३: ऊन, हवा आणि ओझोन

हवेत थोडा ओझोन असतोच, आणि मोटारीच्या ब्रशजवळ किंवा वेल्डिंगच्या आसपास तो जास्त तयार होतो. ओझोन रबराच्या साखळीतल्या दुहेरी बंधांवर घाव घालतो. नैसर्गिक रबर, एसबीआर आणि नायट्राइल यांच्या मुख्य साखळीतच हे बंध असतात, त्यामुळे ताणलेल्या जागी साखळी तुटते आणि आडव्या चिरा पडतात. ईपीडीएममध्ये ते बंध बाजूच्या फांदीवर असतात. फांदीला इजा झाली तरी खोड शाबूत राहतं. म्हणून गच्चीवर, गाडीच्या बाहेरच्या बाजूला, शेतात त्याला पसंती द्यावी.

ऊन आणि थोडं तेल, दोन्ही असेल तर निओप्रीन. रसायनशास्त्रज्ञ वॉलेस कॅरोदर्स यांच्या ड्युपाँट या अमेरिकी कंपनीतल्या गटात १९३० साली ते पहिल्यांदा हाती आलं. कशातच ते अव्वल नाही, पण बहुतेक गोष्टींत चांगलं आहे. त्यात क्लोरीन असल्यामुळे ज्योत काढली की ते जळत राहत नाही. पुलाखालचे बेअरिंग पॅड, व्ही-बेल्ट, पाणबुड्यांचे सूट, चामडं किंवा लॅमिनेट चिकटवायचा पिवळसर सोल्यूशन गोंद यांत ते असतं.

पायरी ४: स्थिर की फिरतं?

स्थिर झाकणाखालची रिंग आणि मागेपुढे सरकणाऱ्या दट्ट्यावरची रिंग यांची गरज वेगळी असते. स्थिर जागी रिंग आपल्या जाडीच्या २० ते २५ टक्के चेपली गेली तरी चालते. हलत्या जागी १० ते १५ टक्के पुरे, नाहीतर ती घासून तापते. कडकपणा शोर-ए मापात सांगतात. साधारण कामाला ७० शोर. आतल्या द्रवाचा दाब फार असेल तर ९०, कारण मऊ रबर फटीतून बाहेर पिळून निघतं. घासणं हेच मुख्य दुखणं असेल, जसं हायड्रॉलिक सिलिंडरचा वायपर किंवा ट्रॉलीचं चाक, तर पॉलियुरेथेन घ्या. झिजेच्या बाबतीत त्याच्याजवळ कुणी पोचत नाही. पण गरम पाण्यात आणि वाफेत त्याचे काही प्रकार विरघळल्यासारखे भुसभुशीत होतात.

माप सांगताना आतला व्यास आणि रिंगेच्या रबरी दोऱ्याची जाडी, दोन्ही सांगा. जुनी रिंग फुगलेली असेल तर तिचं माप घेऊ नका, खाचेचं घ्या. मापाबरोबरच जात, शोर आणि 'काय लागणार' हे दुकानदाराला सांगा. चांगला दुकानदार या चार गोष्टी ऐकून लगेच वेगळी पेटी उघडतो.

पायरी ५: मिळालं ते तेच आहे ना, तपासा

रंगावर विसंबू नका. तपकिरी किंवा हिरवी रिंग म्हणजे वायटॉन असं मानतात, पण रंग कशातही घालता येतो. रबर जाळून ओळखायची जुनी पद्धत मी कुणालाच सुचवणार नाही. वायटॉन जळताना हायड्रोजन फ्लोराइड निघतं आणि निओप्रीनमधून हायड्रोजन क्लोराइड. दोन्ही घातक. आग लागून गेलेल्या इंजिनातले वितळलेले सील उघड्या हाताने उचलू नका, तेही याच कारणाने.

त्याऐवजी घनता काढा. ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा पुरतो. रिंग कोरडी तोला. मग काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून आकडा शून्य करा. दोऱ्याला रिंग बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला किंवा काचेला टेकू देऊ नका. काट्यावर जो आकडा चढेल तो रिंगेचं घनफळ. कोरडं वजन भागिले तो आकडा, झाली घनता. समजा वजन ३.७० ग्रॅम आणि आकडा चढला २.००, तर घनता १.८५. हे वायटॉन असण्याची दाट शक्यता. नायट्राइल साधारण १.२ ते १.३च्या आसपास येतं. बुडबुडे चिकटले तर आकडा चुकतो, म्हणून पाण्यात साबणाचा एक थेंब टाका. वायटॉनच्या भावात नायट्राइल विकलं गेलंय का, हे या परीक्षेत उघड होतं. नायट्राइल आणि ईपीडीएम मात्र तिने वेगळे ओळखता येत नाहीत.

त्यासाठी भिजवण्याची परीक्षा. एक जादा रिंग घ्या, तोला, आणि जो द्रव खरोखर लागणार आहे त्यातच झाकणाच्या काचेच्या बाटलीत तीन दिवस बुडवून ठेवा. मग पुसून पुन्हा तोला आणि जाडी मोजा. माझा हिशेब असा: वजन १० टक्क्यांच्या आत वाढलं तर स्थिर जागी चालेल, २० टक्क्यांपुढे गेलं तर नको. वजन घटलं तरी सावध व्हा. रबरातलं मऊपणा देणारं तेल निघून जातंय, म्हणजे ते पुढे आखडणार. पेट्रोल किंवा थिनर असेल तर ही बाटली घरात, देवघराच्या दिव्याजवळ किंवा गॅसजवळ ठेवू नका.

पायरी ६: बसवणं आणि जपून ठेवणं

खाच कापडाने पुसा. जुनी रिंग स्क्रूड्रायव्हरने काढली तर खाचेला ओरखडा पडतो आणि नवी रिंगही गळते. लाकडी किंवा प्लॅस्टिकची काडी वापरा. रिंग आट्यांवरून सरकवायची असेल तर आट्यांवर टेप गुंडाळा. वंगण जातीप्रमाणे: नायट्राइलला साधं ग्रीस, ईपीडीएमला सिलिकॉन ग्रीस. सिलिकॉन रबराला मात्र सिलिकॉन ग्रीस लावू नका. पायरी १ मधला नियम इथेही लागू आहे, सारखं सारख्यात शिरतं आणि रिंग फुगते.

जादा रिंगा खिळ्याला अडकवून ठेवायची पद्धत सगळीकडे दिसते. त्या लटकल्या जागी ताणल्या जातात, आणि ओझोन नेमका तिथेच चीर पाडतो. सपाट, सैल, काळ्या किंवा अपारदर्शक पिशवीत ठेवा, मोटार आणि वेल्डिंगपासून लांब. साठवणीची मुदत आयएसओ २२३० या मानकात ढोबळमानाने अशी आहे: नैसर्गिक रबर, एसबीआर आणि पॉलियुरेथेन ५ वर्षं, नायट्राइल आणि निओप्रीन ७, ईपीडीएम, सिलिकॉन आणि वायटॉन १०. पिशवीवर जात, माप, शोर, खरेदीचा महिना आणि कोणत्या मशीनसाठी आणली ते मार्करने लिहा. पिशवीतून बाहेर काढून ट्रेमध्ये मिसळलेल्या काळ्या रिंगा महत्त्वाच्या जागी वापरू नका.